घटक राज्याला संघातून बाहेर पडता येतं का? कायद्याने तपासण्याची रीत

एखादं घटक राज्य संघराज्यातून फुटून निघायची भाषा करू लागलं की वाद 'त्यांना हक्क आहे का' या एका प्रश्नावर येऊन अडतो. या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. त्या देशाची राज्यघटना परवानगी देते का, हा पहिला. आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो, हा दुसरा. आणि नवा देश प्रत्यक्षात उभा राहिलाच तर जग त्याला देश मानेल का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. म्हणून कागद हातात घेण्याआधी आपण यातलं कोणतं उत्तर शोधतो आहोत ते लिहून ठेवा. या विषयावरच्या बहुतेक चुका पहिल्या प्रश्नाला तिसऱ्याचं उत्तर दिल्यामुळे होतात.

सुरुवात घटनेपासून

फक्त 'फुटून निघणे' हा शब्द शोधू नका, बहुतेक घटनांत तो सापडणारच नाही. ही ठिकाणं वाचा: उद्देशिका, पहिले चार-पाच अनुच्छेद, राज्यांची यादी किंवा परिशिष्ट, राज्यांच्या सीमा बदलण्याचा अनुच्छेद, घटनादुरुस्तीचा अनुच्छेद आणि लोकप्रतिनिधींच्या शपथेचा मजकूर. एवढं वाचलं की ती घटना कोणत्या जातीची आहे ते कळतं.

काही घटना स्पष्ट मनाई करतात. ब्राझीलच्या १९८८ च्या घटनेचा पहिलाच अनुच्छेद राज्यं, नगरपालिका आणि संघीय जिल्हा यांच्या अविभाज्य संघाबद्दल बोलतो. तिथे थांबू नका, अनुच्छेद ६० पाहा. संघराज्याचं स्वरूप मोडणारा दुरुस्तीचा प्रस्ताव विचारातसुद्धा घेता येणार नाही, असं तो सांगतो. म्हणजे तिथे दार बंद आहे आणि ते दुरुस्तीने उघडण्याची वाटही अडवलेली आहे. नायजेरियाची १९९९ ची घटना देशाला अविभाज्य म्हणते. ऑस्ट्रेलियात 'अविच्छेद्य' हा शब्द घटनेच्या आरंभीच्या प्रस्तावनेत येतो. शब्द कुठे आहे याने फरक पडतो. मूळ अनुच्छेदातला शब्द बंधन घालतो, तर प्रस्तावनेतला शब्द मुख्यतः अर्थ लावायला उपयोगी पडतो.

काही घटना गप्प आहेत आणि खरी मेहनत तिथेच लागते. अमेरिकेच्या घटनेत याबद्दल एक ओळही नाही. त्या मौनाचा अर्थ तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्ये टेक्सास विरुद्ध व्हाइट या खटल्यात लावला. संघ अविनाशी आहे आणि त्यातली राज्यंही अविनाशी आहेत, असं मुख्य न्यायमूर्ती सॅल्मन चेस यांनी लिहिलं. त्याच निकालात त्यांनी दोन अपवाद ठेवले, क्रांती किंवा इतर राज्यांची संमती. क्रांती ही कायद्याची वाट नव्हे. म्हणून कायद्याच्या दृष्टीने उरतो तो फक्त संमतीचा मार्ग, आणि ती संमती नेमकी कोणत्या स्वरूपात द्यायची हे निकालात सांगितलेलं नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये बव्हेरिया या राज्याबाबतच्या तक्रारीवर अगदी थोडक्या शब्दांत निर्णय दिला: तिथली राज्यं घटनेची धनी नाहीत, त्यामुळे एकट्याने फुटून निघण्याला घटनेत जागा नाही.

भारताची घटनाही या बाबतीत गप्प आहे, पण तिचं मौन हेतुपूर्वक आहे. अनुच्छेद १ भारताला 'राज्यांचा संघ' म्हणतो. हा संघ राज्यांमधल्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला तो सोडण्याचा हक्क नाही, असं डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केलं होतं. पुढे १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांत आणि शपथांच्या मजकुरात देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता आली. इथे एक गफलत वारंवार होते. अनुच्छेद ३ खाली संसद नवं राज्य निर्माण करू शकते किंवा सीमा बदलू शकते, पण ती देशांतर्गत फेररचना आहे. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, ते संसदेवर बंधनकारक नसतं. देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर अनुच्छेद ३ पुरत नाही, घटनादुरुस्ती लागते. हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सांगितलं.

लिहिलेला हक्क किती खरा?

घटनेत हक्क लिहिलेला दिसला की काम संपलं असं वाटतं. उलट इथे काम सुरू होतं. हक्काच्या वाक्यासमोर चार गोष्टी मांडा: पाऊल कोण उचलणार, किती बहुमताने, किती मुदतीत आणि वाद झाला तर निवाडा कोण करणार. यातली एक जरी जागा रिकामी राहिली तरी हक्क कागदावरच राहण्याची शक्यता मोठी.

सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या घटनेतला अनुच्छेद ७२ एका वाक्याचा होता. प्रत्येक संघ-प्रजासत्ताकाला मुक्तपणे बाहेर पडण्याचा हक्क आहे, एवढंच त्यात होतं. कार्यपद्धती काहीच नव्हती. ती आली ३ एप्रिल १९९० च्या कायद्याने, म्हणजे लिथुआनियाने ११ मार्चला स्वातंत्र्य जाहीर केल्यानंतर. त्या कायद्यात मतदानाचा हक्क असलेल्या कायम रहिवाशांपैकी दोन तृतीयांशांचा कौल हवा होता. पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ होता, स्वायत्त प्रदेशांचं मतदान वेगळं मोजायचं होतं, शेवटी संघाच्या प्रतिनिधी सभेची मोहोर लागायची होती, आणि कौल हुकला तर पुढची दहा वर्षं पुन्हा सार्वमत नाही. एका ओळीच्या हक्काला इतक्या अटी जोडल्यावर हातात फार थोडं उरतं. बाल्टिक देशांनी (लिथुआनिया, लाट्विया, एस्टोनिया) हा मार्ग वापरलाच नाही. १९४० चं विलीनीकरणच बेकायदा होतं, म्हणून आम्ही फुटत नाही, आमचं स्वातंत्र्य परत घेतो आहोत, अशी त्यांची मांडणी होती. कोणत्याही प्रकरणात हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा: मूळ प्रवेश कायदेशीर होता का? तो नव्हता असं सिद्ध झालं तर पुढचं सगळं गणित बदलतं.

ब्रह्मदेशाच्या १९४७ च्या घटनेतही बाहेर पडण्याचा हक्क होता, मात्र पहिली दहा वर्षं तो वापरता येणार नव्हता आणि काचिन राज्याला तो लागूच नव्हता. १९५८ मध्ये दहा वर्षांची मुदत भरली, त्याच वर्षी लष्करी काळजीवाहू सरकार आलं आणि १९६२ च्या बंडानंतर ती घटनाच उरली नाही. मुदतीची अट वाचताना म्हणून ती संपण्याच्या सुमारास सत्ता कुणाच्या हाती असेल, हेही ध्यानात घ्यावं लागतं.

आज सर्वांत तपशीलवार तरतूद इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेत आहे. अनुच्छेद ३९ नुसार संबंधित लोकसमूहाच्या विधिमंडळाने दोन तृतीयांश बहुमताने मागणी मंजूर करायची. ती मागणी मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत संघ सरकारने सार्वमत घ्यायचं. त्यात साधं बहुमत पुरतं. मग सत्तांतर आणि मालमत्तेची वाटणी. हा क्रम नीट वाचला की दोन गोष्टी दिसतात. हक्क 'राष्ट्र, राष्ट्रीयता आणि लोक' यांचा आहे, राज्यांचा नाही. ज्या राज्यात अनेक लोकसमूह राहतात तिथे नेमका कोणाचा हक्क, हे ठरवणं सोपं नाही. दुसरं असं की सार्वमत घेण्याची जबाबदारी संघ सरकारची आहे आणि तीन वर्षं त्याच्या हातात आहेत. इथिओपियातून वेगळ्या झालेल्या इरिट्रियाचं उदाहरण या अनुच्छेदाखाली देऊ नका. तिथलं सार्वमत एप्रिल १९९३ मध्ये झालं, तेव्हा ही घटना अस्तित्वातच नव्हती.

हक्क कुणाचा हा पेच युगोस्लाव्हियातही होता. १९७४ च्या घटनेची प्रस्तावना लोकसमूहांच्या स्वयंनिर्णयाबद्दल बोलत होती, बाहेर पडण्याची पावलं मात्र प्रजासत्ताकांनी उचलली. लोक आणि प्रदेश यांच्या सीमा जिथे जुळत नाहीत तिथे ही दरी जिवावर बेतते. म्हणून घटनेत हक्काच्या वाक्याचा कर्ता कोण आहे ते अधोरेखित करा.

आकड्यांचं गणित: छेद पाहा

टक्केवारी वाचताना लोक अंश पाहतात आणि छेद विसरतात. समजा राज्यात १० लाख नोंदणीकृत मतदार आहेत आणि ८० टक्के मतदान झालं, म्हणजे ८ लाख मतं पडली. बाद मतं धरली नाहीत तर साधं बहुमत ४,००,००१ मतांना मिळतं. झालेल्या मतदानाच्या दोन तृतीयांश म्हणजे ५,३३,३३४. पण अट नोंदणीकृत मतदारांच्या दोन तृतीयांशांची असेल तर ६,६६,६६७ मतं लागतात, म्हणजे पडलेल्या मतांच्या ८३ टक्क्यांहून जास्त. अशा अटीत घरी बसलेला प्रत्येक मतदार विरोधात मत दिल्यासारखा मोजला जातो.

सेंट किट्स आणि नेव्हिस हा कॅरिबियनमधला दोन बेटांचा देश याचं नेमकं उदाहरण. १९८३ च्या घटनेचं कलम ११३ नेव्हिस बेटाला बाहेर पडू देतं, पण अटींसह. विधेयक मांडल्यानंतर दुसऱ्या वाचनापर्यंत ९० दिवस जायला हवेत, अंतिम वाचनात निवडून आलेल्या सदस्यांचं दोन तृतीयांश बहुमत हवं, सार्वमताच्या किमान सहा महिने आधी नव्या देशाच्या घटनेचा तपशीलवार मसुदा मांडलेला हवा, आणि सार्वमतात पडलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवीत. १० ऑगस्ट १९९८ ला सुमारे ६१.८ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं. स्पष्ट बहुमत होतं, तरी कायद्याने प्रस्ताव पडला आणि नेव्हिस संघातच राहिलं. मसुद्याची अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. लोक कशाला मत देताहेत ते त्यांना आधी दिसतं.

सर्बिया-मॉन्टेनेग्रोच्या २००३ च्या सनदेत तीन वर्षांनंतर बाहेर पडण्याची मुभा होती. सार्वमताचा उंबरठा मात्र युरोपीय संघाच्या मध्यस्थीने ठरला: किमान निम्मं मतदान आणि वैध मतांपैकी ५५ टक्के. २१ मे २००६ ला सुमारे ५५.५ टक्के मतं बाजूने पडली. उंबरठा ओलांडला तो जेमतेम दोन हजार मतांनी. तरीही निकाल टिकला, कारण उंबरठा दोन्ही बाजूंनी मतदानाआधी मान्य केला होता. आकडा आधी ठरला नसेल तर हरलेली बाजू तो मतदानानंतर ठरवू पाहते, आणि तिथे भांडण मिटत नाही.

प्रश्नाची भाषा

मतपत्रिकेवरचा प्रश्न आकड्याइतकाच महत्त्वाचा. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात ३० ऑक्टोबर १९९५ ला विचारलेल्या प्रश्नात सार्वभौमत्वासोबत कॅनडाला नव्या भागीदारीचा प्रस्ताव, एक विधेयक आणि १२ जूनचा करार असं सगळं एकत्र आलं होतं. निकाल ५०.५८ विरुद्ध ४९.४२ असा, 'नाही'च्या बाजूने लागला. 'हो'ची बाजू जिंकली असती तर लोकांनी नक्की कशाला होकार दिला, यावर वाद अटळ होता. त्याच्या काही दिवस आधी उत्तरेकडच्या क्री आदिवासींनी स्वतःचं वेगळं मतदान घेतलं होतं. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त मतं कॅनडातच राहण्याच्या बाजूने पडली. फुटणाऱ्या राज्याच्या पोटात असलेला समूह तोच युक्तिवाद उलटा फिरवू शकतो, ही शक्यता तपासणीतून वगळू नका.

यानंतर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट १९९८ ला दिलेलं मत या विषयावरचा सर्वांत उपयोगी दस्तऐवज आहे. एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर हे मत वाचा. घटना गप्प असली तरी तिच्या तळाशी चार तत्त्वं आहेत, असं न्यायालय म्हणतं: संघराज्य, लोकशाही, घटनात्मकता व कायद्याचं राज्य, आणि अल्पसंख्याकांचं संरक्षण. त्यामुळे क्युबेकला एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने कौल आला तर उरलेल्या कॅनडाला तो कानाआड करता येणार नाही. दोन्ही बाजूंवर वाटाघाटी करण्याचं कर्तव्य येतं. वाटाघाटी यशस्वी होतीलच याची हमी नाही आणि शेवटी घटनादुरुस्ती लागेलच.

'स्पष्ट' म्हणजे किती, हे न्यायालयाने राजकारण्यांवर सोडलं. त्यावर २००० साली स्पष्टता कायदा आला. प्रश्न जाहीर झाल्यावर ३० दिवसांत हाउस ऑफ कॉमन्सने (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) तो स्पष्ट आहे की नाही ते ठरवायचं. नुसता वाटाघाटींचा जनादेश मागणारा किंवा बाहेर पडण्यासोबत दुसरे पर्याय जोडणारा प्रश्न स्पष्ट धरला जाणार नाही. बहुमताचा आकडा मात्र या कायद्यातही लिहिलेला नाही. ही त्याची कमजोरी आहे असं माझं मत. क्युबेकने त्याच वर्षी स्वतःचा कायदा करून निम्म्याहून एक मत जास्त पुरतं असं लिहून ठेवलं. दोन कायदे, दोन उंबरठे, आणि मधला वाद अजून खुला.

संमती नेमकी कुणाची

एकतर्फी आणि संमतीने, हा फरक सगळ्या तपासणीचा कणा आहे. संमती कोणत्या संस्थेने, कोणत्या दस्तऐवजाने आणि किती बहुमताने दिली ते शोधा. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं, तेव्हा दोन्ही सरकारांमध्ये दोन दिवस आधी करार झाला होता आणि मलेशियाच्या संसदेने घटनादुरुस्ती मंजूर केली होती. सार्वमत झालंच नाही, तरी कायद्याची साखळी पूर्ण होती.

उलट उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाचं. ८ एप्रिल १९३३ ला तिथे सुमारे दोन तृतीयांश लोकांनी संघ सोडण्याच्या बाजूने मत दिलं. राज्याने थेट ब्रिटिश संसदेकडे याचिका नेली. १९३५ मध्ये संसदेच्या संयुक्त समितीने ती स्वीकारायलाच नकार दिला, कारण ऑस्ट्रेलियाच्या संघ सरकारची मागणी नसताना अशा बाबीत हात घालणं घटनात्मक संकेताविरुद्ध ठरलं असतं. कौल मजबूत होता, दार चुकीचं ठोठावलं.

चेकोस्लोव्हाकियात बाहेर पडायचं तर सार्वमताची तरतूद असलेला १९९१ चा कायदा होता. तो न वापरता संघीय संसदेने २५ नोव्हेंबर १९९२ ला घटनात्मक कायदा करून संघच विसर्जित केला. ३१ डिसेंबर १९९२ ला संघ संपला. हे फुटणं नव्हे, विसर्जन आहे, आणि हा भेद नुसता शब्दांचा नाही. विसर्जनात जुना देश उरत नाही, म्हणून चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया या दोघांनाही जानेवारी १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नव्याने प्रवेश घ्यावा लागला. मॉन्टेनेग्रो फुटलं तेव्हा सर्बियाने जुनी जागा चालू ठेवली आणि फक्त मॉन्टेनेग्रोने नवा अर्ज केला. युगोस्लाव्हियाबाबत बादिन्तेर आयोगाने (युरोपीय समुदायाने नेमलेल्या कायदेतज्ज्ञांच्या मंडळाने) नोव्हेंबर १९९१ मध्ये विसर्जन चालू असल्याचं मत दिलं, तर बेलग्रेडमधलं सरकार आम्हीच जुना देश आहोत असं म्हणत राहिलं. त्या हट्टामुळे संयुक्त राष्ट्रांतली जागा २००० सालापर्यंत अडकून राहिली.

देशाबाहेरचा कायदा

संयुक्त राष्ट्रांची सनद लोकांच्या स्वयंनिर्णयाचा उल्लेख करते, पण त्यातून प्रत्येक घटक राज्याला बाहेर पडण्याचा हक्क निघत नाही. वसाहती आणि परकीय ताब्यातले लोक यांच्यासाठी तो मान्य आहे. देशांतर्गत राजकारणात ज्यांना काहीच वाव दिला जात नाही अशा लोकांसाठी तो असावा का, हा वादाचा मुद्दा. कॅनडाच्या न्यायालयाने तो खुला ठेवला, कारण क्युबेकचे लोक त्या वर्गात बसतच नव्हते.

सर्बियापासून वेगळं झाल्याची घोषणा केलेल्या कोसोव्होबाबतचं २२ जुलै २०१० चं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत जपून वापरा. स्वातंत्र्याच्या घोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झाला नाही, एवढंच त्यात १० विरुद्ध ४ मतांनी ठरलं. फुटून निघण्याचा हक्क आहे की नाही, किंवा कोसोव्हो देश झाला की नाही, यावर न्यायालयाने उत्तर दिलेलं नाही. मनाई नसणं म्हणजे हक्क असणं नव्हे.

मान्यतेसाठी १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराच्या चार कसोट्या लावतात: कायम लोकसंख्या, ठरावीक भूभाग, सरकार, आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. संयुक्त राष्ट्रांत प्रवेशासाठी सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, म्हणजे १५ पैकी ९ मतं आणि कायम सदस्यांपैकी कुणाचाही नकाराधिकार नको. मग महासभेत दोन तृतीयांश. हे सगळं जमलं तरी मूळची बेकायदा कृती मागच्या तारखेने कायदेशीर होत नाही.

वाटणी आणि मागे उरलेले कागद

बाहेर पडण्याच्या कोणत्याही मसुद्यात कर्ज, मालमत्ता, सीमा, नागरिकत्व, निवृत्तिवेतन, सैन्य आणि चलन यांची तरतूद आहे का ते पाहा. चेकोस्लोव्हाकियाने साधं सूत्र घेतलं. स्थावर मालमत्ता जिथे आहे तिथे, बाकीची लोकसंख्येच्या प्रमाणात दोनास एक. सोव्हिएत संघाच्या बाबतीत अखेर रशियाने बाहेरचं कर्जही घेतलं आणि परदेशातली मालमत्ताही. देशाच्या मालमत्ता आणि कर्जांच्या वारशावरचा १९८३ चा व्हिएन्ना करार अजून अमलात आलेला नाही, त्यामुळे वाटणीचा आधार बहुतेक वेळा त्या दोघांमधला करारच असतो. सीमांबाबत सहसा जुनी अंतर्गत हद्दच आंतरराष्ट्रीय होते. बादिन्तेर आयोगाने हेच तत्त्व लावलं.

एक शेवटची तपासणी बहुधा राहून जाते: फुटणं बेकायदा ठरलं तर मधल्या काळातल्या व्यवहारांचं काय? टेक्सासचा खटला मुळात याच प्रश्नावरचा, अमेरिकेच्या गृहयुद्धात तिथल्या बंडखोर सरकारने विकलेल्या संघाच्या कर्जरोख्यांचा होता. न्यायालयाने कृतींचे दोन भाग केले. विवाह, वारसा, मालमत्तेचे व्यवहार, गुन्ह्यांना शिक्षा अशा रोजच्या जगण्याला आणि शांततेला लागणाऱ्या कृती सर्वसाधारणपणे वैध. बंडाला मदत करण्यासाठी केलेल्या कृती शून्य. ते रोखे युद्धासाठी विकले होते, म्हणून ती विक्री टिकली नाही आणि राज्याला ते परत मागता आले. अशा काळात झालेला कोणताही दस्त समोर आला तर तो कोणत्या सरकारच्या शिक्क्याचा आहे एवढ्यावर थांबू नका, तो कशासाठी केला होता तेही वाचा.